एका फरशीचं अंतर

आपापलं चित्र लांबून बघायला दोघंही मागे सरकले आणि पाठीला पाठ धडकली. तिच्या ब्रशचा पिवळा फराटा त्याच्या बाहीवर उमटला.

"अहो, भिंत रंगवायचीय, मला नाही."

"मग भिंतीसारखे उभे राहू नका ना..."

लहान मुलांच्या दवाखान्यातला लांब बोळ. एक भिंत तिची, समोरची त्याची; लांबी सारखीच. तिच्या भिंतीवर पाच मोठी चित्रं, त्याच्या भिंतीवर आठ लहान. त्या दिवसापासून तो तिला 'पिवळी' म्हणू लागला, आणि तो ताडमाड उंच, म्हणून ती त्याला 'उंट'. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही.

मग एका सकाळी कंत्राटदार मावशींनी सांगितलं, "पुढच्या कामाला एकालाच नेणार. उरलेलं इथलं दुसऱ्याने संपवायचं. दुपारी येते... ज्याचं काम पुढे, तो माझ्याबरोबर."

तिला काम हवंच होतं. पण तिथे समोरच्या भिंतीशी तो नसणार...

"माझी आठातली पाच झाली," तो म्हणाला. "तुझी पाचातली तीनच."

"माझं एकेक चित्र केवढं आहे बघ. तुझी सगळी चिटुकली."

"पाच म्हणजे पाच."

"चल, फरशा मोजू."

भिंतीच्या कडेने चाळीस फरशा. तिचं एक चित्र आठ फरशांचं, त्याचं पाच. तिची तीन चित्रं म्हणजे चोवीस फरशा; त्याची पाच म्हणजे पंचवीस.

"एकाच फरशीने... जिंकलास, उंटा."

तो हसला नाही. ती ब्रश धुऊन परतली, तर हा ओल्या फडक्याने आपल्याच पाचव्या चित्राची फरशीभर कड पुसतोय.

"हे काय?"

"रंग... ओघळला होता."

"मेहेरबानी नकोय मला."

"मेहेरबानी नाही गं. मला तिथे एकट्याने जायचंच नाही—"

पुसलेल्या जागेवर तिने एक पिवळा पक्षी काढला. त्याच्या पुन्हा पंचवीस झाल्या.

मावशी आल्या. चष्मा सारखा करत पक्ष्याजवळ थांबल्या.

"हा तुझ्या हातचा नव्हे." मग त्यांनी त्याच्या खिशातलं रंगलेलं फडकं पाहिलं, तिचे लाल झालेले कानही पाहिले. "एक पुसतो, दुसरी भरते. एकालाच नेलं तर तिकडे नुसते उसासे ऐकत बसावं लागेल मला. आधी हे उरका, मग दोघंही चला. तिकडे एकच भिंत आहे, भांडू नका."

मावशींची पावलं जिन्यावर विरली.

"एकच भिंत," तो म्हणाला. "मग पुढे कोण, कसं कळणार?"

"दोन टोकांनी सुरू करू. मधे भेटलो की सांगेन..."

"काय?"

दोघांमधली एक फरशी ओलांडून ती त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"तुझ्या मनात आहे, तेच."