स्टेजखालची ओंजळ

अध्यक्षसाहेब, माझ्या बहिणीच्या तोंडून खोटं तुम्ही वदवलं. पुढे जे झालं ते तुमच्या नावावर.

हे खरं घडलंय. शंका असेल त्याने देवळीच्या बाजारात माझ्या भाजीच्या दुकानावर यावं. ताईला दाखवतो.

मागच्या मार्चमधला मंगळवार. भर दुपार. देवळीपासून आत तुमच्या धार्मिक संस्थेची शाळा आहे. आरती झाल्याशिवाय पहिला तास सुरू होत नाही. अंजूताई तिथे नववीला इतिहास शिकवते.

त्या दिवशी विषय होता, आपल्या गावाचा इतिहास.

आचल नावाची पोरगी उठली. "मॅडम, प्रार्थनेच्या स्टेजखाली विहीर आहे न? माही आजी सांगते, तिथं एक बाई पाण्यासाठी बसून बसून मेली."

सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्या बाईच्या जातीला विहीर शिवायची बंदी होती. ओंजळ धरून बसायचं. कोणी वरून ओतलं तर प्यायचं. त्या दिवशी संस्थेचा भंडारा होता. गाव पंगतीत. ती उन्हात ओंजळ धरून बसली...

कोणी आलंच नाही.

ताईला तुम्ही आधीच बजावलं होतं. "मॅडम, तो विषय काढू नका. कायम व्हायचं आहे न तुम्हाले?"

ताई वर्गाला म्हणाली, "असं काही झालंच नाही. आपल्या गावात सगळ्यांना पाणी मिळायचं."

आणि...

रहाट करकरला.

शाळेत रहाट नाही. विहिरीवर सिमेंटचा स्लॅब आहे.

डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. फक्त करकर... मग बादली आपटली. कोरडी.

"मॅडम, हात काऊन असे धरून राह्यल्या?" मागच्या बाकावरचा ऋतिक हसला.

मग तो हसायचा थांबला.

ताईच्या हातातला खडू खाली पडला होता. हातांची ओंजळ झाली होती. ती सुटत नव्हती.

घरी आणलं. आईने भरलेला ग्लास पुढे ठेवला. "पे न बाई! समोर तं आहे."

ताई ग्लासाकडे बघत राहिली. ओठ फाटलेले.

"मले शिवता येत नाई... ओता न, माय."

ताई आईला 'आई' म्हणते. 'माय' कधीच नाही.

मी तांब्या उचलला. ओतलं. ती घटाघटा प्यायली.

तेवढ्यात आई घाबरून म्हणाली, "निकेश... हात पाह्य तुहा."

माझा हात खांद्याच्या वर गेला होता. तांब्या तिच्या ओंजळीला लागू नये, इतका वर. माझ्या सख्ख्या बहिणीच्या!

मला हे कोणी शिकवलं? मी हात खाली आणायला गेलो.

आला नाही.

तिला पाणी ओतताना अजूनही येत नाही. रोज तसंच ओततो, मान खाली घालून. तिच्याकडे बघायची लाज वाटते.

मी आचलच्या आजीकडे, शकुंतलाबाईंकडे गेलो. विचारलं, त्या बाईचं नाव तरी सांगा. एकदा नावाने हाक मारून पाणी देतो.

म्हातारी कडवट हसली. "पंगतीत काय काय वाढलं होतं, ते आजही सांगतेत लोकं. तिचं नाव कोणाले ठाऊक नाई, बापू. नावानं हाक मारली असती, तं पाणीई देलं असतं."

ताई कायम झाली, अध्यक्षसाहेब. पेढे तुम्हीच पाठवले.

त्या विहिरीवर उभे राहून तुम्ही रोज आरती करता. संस्था तुमची, भंडारा तुमचा, स्लॅब तुमचा.

तिचं नाव काय होतं?

सांगा. ताईला पुन्हा तहान लागली आहे.