धुडकूले इचार

सन छत्तीसच्या कापूस वेचणीत एक गाडीवाला आमच्या बांधाशी थांबला आणि त्याने धुडकूला प्रकाशा गावाची वाट विचारली. धुडकू माझा थोरला भाऊ. वयाने बाप्या झाला, पण बोलणं लहान मुलासारखंच राहिलं. शब्द शोधायला त्याला वेळ लागतो. लोक तेवढं थांबत नाहीत. हा थांबला! धुडकूचं "वडना झाडपाईन... मंग... डावीकडे" पूर्ण होईपर्यंत कासरे ओढून बसून राहिला. मग माझ्याकडे पाहून हसला, आणि माझ्या ओटीतला कापूस खाली सांडला. मेला!

पुढच्या आठवड्यात तो गाडीवाला, भाईदास, पुन्हा हजर.

"परत वाट चुकनात?" मी विचारलं.

"वाट पाठ शे. पन तुन्हा भाऊसंगे बोलाले मजा वाटस."

"भाऊसंगेच?"

"आत्ते ते... भाऊसंगेच."

लबाड! मला तो आवडला होता, नाही कशाला म्हणू? पण मागे मी मामाकडे राहिले, तेव्हा घरात धुडकूशी कोणी बोललं नाही आणि त्याचे निम्मे शब्द गेले. रोज पाहुण्यांना 'या, बसा' म्हणायला लावून, दुकानावर गूळ मागायला पाठवून मी ते परत आणले. आता मी सासरी गेले तर? म्हणून भाईदासला बजावलं, "मागणी घालनी व्हई ते काकाले नको. धुडकूले इचार."

वडील नसले की थोरल्या भावाला विचारायची रीतच आहे. आमच्याकडे सगळे ती सोयीने विसरले होते.

मागणीला पंच ओसरीवर बसले, मी दाराआड. भाईदास थेट धुडकूसमोर बसला. "भाऊ, तुम्हनी जसोदा माले देशात का?"

काका उत्तर द्यायला लागले. भाईदासने हात जोडून त्यांना थांबवलं.

"ती गई ते... मन्हासंगे... कोन बोली?" धुडकूने विचारलं.

भाईदास पुढे सरकला.

"मी बोलसू. मन्ही माय बोली. तुम्ही बी आम्हनाकडे ऱ्हावाले चाला."

धुडकूने त्याला नीट न्याहाळलं. "तुले... ती आवडस का?"

पंच खोकले. भाईदासचे कान लाल झाले. "भलती आवडस!"

धुडकू दाराकडे वळला. "आनि... तुले?"

मुलीने पंचांसमोर तोंड उघडायचं नसतं. पण भावाने विचारलं होतं! मी दार ढकलून बाहेर आले.

"माले बी आवडस. आत्ते हो म्हन ना लवकर!"

"थांब ना," धुडकू रागावला. "सांगी ऱ्हायनू."

मग पंच, काका, भाईदास आणि मी, सगळे गुपचूप थांबलो.

"दिन्ही," तो सावकाश म्हणाला. "पन... मी बी येसू."