चित्र अडकलं तेव्हा

ज्या वर्षी धाकट्या अमानच्या पायांतली दोरी कापली, त्याच वर्षी गावच्या शाळेला कुलूप लागलं. साल दोन हजार वीस, मार्च महिना. नारीन शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात बर्फ अजून सावलीसावलीला चिकटून होतं. पोर पहिली पावलं टाकू लागलं की त्याच्या पायांना काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी सैलसर गुंडाळायची, मुलांनी लांबून धावत यायचं आणि पहिला येईल त्यानं ती कापायची. त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे, वेण्या उडवत धावत आली ती पंधरा वर्षांची बेगायम! एका झटक्यात तिनं दोरी कापली, अमानचा मुका घेतला आणि चाकू अनारकूलच्या हातात देत हसत म्हणाली, "घ्या वहिनी! सुटला तुमचा मुलगा, आता सांभाळा!"

वहिनी...!

सगळे हसले, अनारकूलही हसली. पण त्या एका शब्दानं तिच्या काळजात जे हललं, ते कुणाला दिसलं नाही. कारण बेगायम ही तिच्याच पोटची मुलगी होती, तिचं पहिलं मूल.

पहिलं मूल थोरल्यांचं, ही तिथली रीत. बेगायम जन्मली त्याच हिवाळ्यात अनारकूलचे सासरे गेले होते, आणि सासूबाई, उमसुनाय, रिकाम्या घरात भिंतींशी बोलू लागल्या होत्या. चाळिसाव्या दिवशी बाळाला न्हाऊ घातल्यावर त्यांनी ते आपल्या ओटीत घेतलं आणि म्हणाल्या, "ही माझी. तू नारीनला जा सूनबाई, शीक, मास्तरीण हो. पोरीची चिंता करू नकोस." एकोणीस वर्षांच्या अनारकूलनं वाकून मान डोलावली. मग ती गोठ्यात गेली, गाईच्या अंगाला अंग टेकून उभी राहिली, आणि तिची भिजलेली चोळी तिथंच थंड होत गेली...

ती शिकली. गावच्या शाळेत गणित शिकवू लागली. बेगायम उमसुनायला 'आई' म्हणायची, अनारकूलला घरी 'वहिनी' आणि वर्गात 'बाई'. पोरीला सगळं ठाऊक होतं, गावालाही ठाऊक होतं. फक्त ते कुणी बोलायचं नसतं. दिलेल्या मुलाकडे थोरल्यांच्या देखत टक लावून पाहणंसुद्धा बरं दिसत नाही. त्यामुळे अनारकूलनं आपल्या मुलीला कायम ओझरतंच पाहिलं होतं... उंबऱ्यावरून आत येताना, चहा ओतताना, फळ्याकडून वळताना.

आणि मग शाळा बंद झाली, आणि सरकारनं सांगितलं की आता मोबाईलवरून शिकवा.

एप्रिलमध्ये अनारकूलचा नवरा कुबात मेंढ्या घेऊन वसंताच्या कुरणावर निघाला. उमसुनाय निघाल्या, आणि बेगायम आईच्या मागं निघाली. कुरणावर रेंज नव्हती. वरच्या कड्यावर मात्र, जिथं दगडांची रास आहे तिथं, ती वाऱ्यासारखी येत-जात असे. बेगायम रोज सकाळी घोडा काढून तिथं जायची. खाली गावात, अनारकूल स्वयंपाकघराच्या भिंतीला फळा टेकवायची, डोक्याला रुमाल बांधायची आणि मोबाईल पिठाच्या डब्यावर उभा करायची.

मग एकेक चेहरा उगवायचा. कुणाच्या मागे कोंबड्या, कुणाच्या मागे आजोबांचं घोरणं. आणि एका चौकटीत, मागे नुसतं निळं आभाळ घेऊन, वाऱ्यानं लाल झालेल्या गालांची बेगायम! आता तिच्याकडे पाहायला कुणाची मनाई नव्हती. बाईनं वर्गाकडे बघायचंच असतं! अनारकूल त्रिकोण काढायची आणि पाहायची. उदाहरण घालायची आणि पाहायची... पोरीच्या उजव्या भुवईत एक बारीकसा व्रण आहे, हे तिला पंधरा वर्षांनी त्या वीतभर काचेत कळलं. ज्या विद्येपायी लेक दुरावली होती, त्याच विद्येचं बोट धरून ती आता रोज आभाळातून खाली उतरत होती. तास संपल्यावर बाकीचे चेहरे मावळायचे, बेगायम थांबायची.

"वहिनी, अमान काय करतोय?"

"खडू खातोय."

"खाऊ द्या, गणितात हुशार होईल! वहिनी, इथं खाली सगळी लाल फुलं आलीत. दाखवू?"

आणि मोबाईल फिरायचा, डोंगर डोलायचे, ढग अनारकूलच्या स्वयंपाकघरातून जायचे. त्या दिवसांत तिला आपण जागे आहोत की स्वप्नात, हेच कळेनासं झालं होतं.

एके दिवशी उमसुनाय दूध घेऊन कड्यावर गेल्या. तास संपला होता. दगडाआडून त्यांनी पाहिलं... पोर मोबाईल तोंडासमोर धरून हसत होती, आणि मोबाईलमधली सून डोळे पुसत होती.

संध्याकाळी कुबात गावात आला तो मान खाली घालूनच.

"आई म्हणते, दिलेलं मूल तू हवेतून परत ओढतेस. म्हणते, शिकव, पण तोंड दाखवू नकोस." तो थांबला. "म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं..."

"त्यांना दुसरं कोण आहे?" अनारकूल म्हणाली. "सांगा त्यांना, नाही दाखवणार."

दुसऱ्या दिवसापासून मोबाईलमध्ये फक्त फळा दिसू लागला, आणि खडू धरलेला एक हात. तास संपताच ती चटकन बंद करायची.

"वहिनी, तुमचा चेहरा का दिसत नाही?"

"अभ्यासाकडे बघ."

"मी काही केलं का?"

हातानं फळ्यावर पुढचं उदाहरण लिहिलं. बेगायम फणकारली. "बिश्केकच्या एक बाई आहेत, त्यांचे व्हिडिओ आहेत माझ्याकडे. तुम्ही तासभर शिकवता ते त्या चहा निवायच्या आत शिकवतात. आणि तोंड तरी दाखवतात!"

त्यानंतर ती चौकट उगवली नाही. इतर मुलांच्या कोंबड्या, घोरणी सगळं होतं, फक्त आभाळ नव्हतं. अनारकूल शिकवत राहिली. वहिनी म्हणूनही ती नको होती, आता बाई म्हणूनही नको झाली... आता मुलीच्या जगात तिला उभं राहायला जागा तरी कुठली उरली?

वर कुरणावर बेगायम तंबूत पडून राहायची. तिचं दूध तसंच राहायचं. उमसुनायनी चार दिवस पाहिलं, मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"ऊठ! तुला शिकायला बसवलं ते काय मेंढ्यांची तोंडं मोजायला? चल वर!"

"नाही जायचं. तिथं नुसता हात असतो."

"हातच गणित करतो, तोंड नाही करत!" असं म्हणून म्हातारीनं तिला घोड्यावर घातलं, स्वतःही मागं चढली, आणि कड्यावर पोहोचल्यावर मोबाईल हिसकावून त्यात ओरडली, "ए मास्तरीण! पोरीला नीट शिकव! काय नाटकं लावलीत?"

खाली अनारकूलच्या हातून खडू गळाला. सासूनं हाक मारल्यावर सुनेनं आडोशाला राहायचं नसतं. तिनं रुमाल सारखा केला, समोर आली, हात पोटाशी धरले आणि कमरेत वाकली. थोरल्यांनी 'तुझा वंश वाढो' असा आशीर्वाद दिला की ताठ व्हायचं, तोवर नाही.

उमसुनायनी आशीर्वाद दिला नाही. त्यांनी तोंड फिरवलं. पिशवीतून बाटली काढली, चहा ओतला, फुंकून प्यायल्या. तिरक्या डोळ्यानं पाहिलं... सून वाकलेलीच!

"वाकू दे," त्या पुटपुटल्या. पाव मोडून खाल्ला. पुन्हा पाहिलं. सून हलली नव्हती. पांढऱ्या रुमालाखालून तिची एक बट सुटून लोंबत होती, आणि ती बटसुद्धा हलत नव्हती.

म्हातारीनं उरलेला पाव खाली ठेवला. इतका वेळ? माझ्या एका शब्दासाठी? तिला तो चाळिसावा दिवस आठवला... तेव्हाही ही पोर अशीच वाकली होती. ओटीतलं बाळ घेताना आपण आशीर्वाद दिला होता का? दिला होता का...? आठवेना!

"अगं, ऊठ!" ती मोबाईलला दोन्ही हातांनी धरून ओरडली. "तुझा वंश वाढो! वंश वाढो गं माझ्या बाई! ऊठ, कंबर मोडेल तुझी... ऐकत का नाही ही? बेगायम, ती ऐकत का नाही?"

बेगायमनं आजवर म्हातारीला रडताना पाहिलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "आई, रेंज गेलीय. चित्र अडकलंय ते. वहिनी केव्हाच उठल्या असतील."

उमसुनाय कितीतरी वेळ त्या काचेकडे पाहत राहिल्या. खाली दरीत ढगांची सावली मेंढ्यांवरून सरकत होती.

"चित्र आज अडकलंय," त्या अखेर म्हणाल्या. "ती तर पंधरा वर्षांपासून अशीच वाकलेली आहे."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी घोडा अंगणात आला. अनारकूल धावत दाराशी आली आणि वाकू लागली. पण अर्ध्या वाटेवरच दोन सुरकुतलेल्या हातांनी तिचे खांदे धरले.

"पुरे. कालचा तुझा आशीर्वाद पोहोचला नाही म्हणे. म्हणून स्वतः घेऊन आले."

"सासूबाई, मी तोंड दाखवायला नको होतं, पण तुम्ही हाक मारलीत..."

"गप्प बस. मी मेल्यावर या पोरीला कुणाच्या गळ्यात पडून रडू देणार आहेस? बिश्केकच्या बाईच्या?"

सासू-सून एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, आणि कोण कुणाचं सांत्वन करतंय ते कळेना! बेगायम घोड्याचा लगाम घट्ट धरून दूरच उभी होती.

"तुला वेगळं शिकवायला नको," उमसुनाय तिला म्हणाल्या, "हिला काय म्हणायचं ते." आणि आत जाऊन चुलीपाशी बसल्या.

चहा झाला. अमान आजीच्या मांडीवर पेंगला. अनारकूल फळा पुसत होती. तासाची वेळ झाली होती. अंगणातून, घोड्याला पाणी दाखवता दाखवता, बेगायमची हाक आली, थोडी चाचरत, थोडी जास्तच मोठ्यानं:

"आई!"

इतक्या वर्षांच्या सवयीनं म्हातारीची मान वळू लागली... आणि तिनं ती अर्ध्यातच थांबवली. विस्तवाकडे पाहत राहिली.

अनारकूल फळा पुसतच होती. त्या शब्दाला वळून पाहायची तिला सवय कुठं होती?

"कान गेले का तुझे, मास्तरीण?" उमसुनाय विस्तवाकडे पाहतच म्हणाल्या. "तुला बोलावतेय ती. जा!"

अनारकूल गेली. फडकं हातातच राहिलं होतं.

उमसुनाय पुढच्या वर्षी, दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत, झोपेत वारल्या. शोकाच्या तंबूत बेगायम लेकीच्या जागी बसून आईसाठी रडली, आणि तिला धरून तिची आई बसली होती.