शुक्रवारच्या रेकॉर्डी

"खरा कलावंत श्वास संपेपर्यंत वाजवतो!" असं नूरुद्दीनने भर अंगणात जाहीर केलं आणि मग तो पाच मिनिटं खोकला.

जुबैदाने पाण्याचा तांब्या पुढे केला. "इशरतचे अब्बा, संपला ना श्वास? ठेवा आता ते पितळ."

बावीस वर्षं लूमवर ड्युटी आणि लग्नसराईत बँडमध्ये सॅक्सोफोन. कापसाच्या धुळीने छाती अशी भरली होती की दोन ओळींपुढे दम टिकेना. पण महिन्यावर इशरतचं लग्न होतं. मांडवात स्वतः वाजवीन, असा लेकीला शब्द दिला होता.

शेलार गावच्या भंगारवाल्याकडे जॅझ सॅक्सोफोनच्या तीन जुन्या रेकॉर्डी मिळाल्या. वाजतात की नाही, अल्लालाच ठाऊक. तरी त्याने उचलल्या. परदेशी उस्ताद दम कसा राखतात, ते ऐकायचं होतं.

शुक्रवारी लूम बंद. भिवंडीत टाचणी पडली तर ऐकू येईल, असा आठवड्यातला एकच दिवस. दुपारची नमाज उरकून त्याने घरातल्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर एक रेकॉर्ड लावली.

कोणीतरी छाती भरून श्वास घेतला. मग शांतता. पुन्हा श्वास. पुन्हा शांतता.

तिन्ही रेकॉर्डी, दोन्ही बाजू, तेच.

"हा मेला वाजवायचंच विसरला," जुबैदा म्हणाली. "परत करा."

आणलेली चीज वाया जाऊ देईल तर तो भिवंडीकर कसला! पुढच्या शुक्रवारी नूरुद्दीनने सॅक्सोफोन तोंडाला लावला. रेकॉर्डने श्वास घेतला, याने फुंकलं. अख्खं कडवं निघालं. खोकला नाही. दुसरं निघालं. खोकला नाही. मधे आपण श्वासच घेतला नाही, हे त्याच्या जरा उशिराच लक्षात आलं.

तिसऱ्या शुक्रवारी मधेच वीज गेली. तबकडी थांबली.

श्वास थांबला नाही.

नूरुद्दीनही थांबला नाही.

लग्नाच्या दिवशी रेकॉर्डी कपाटात, कुलपात होत्या. तो मांडवात तासभर उभा राहून वाजवत होता. ढोलवाला पंढरी ओरडला, "चाचा, दम तर घ्या!" इशरत रडता रडता हसली.

पाहुणे पांगले. नूरुद्दीन जेवायला बसला. जुबैदा त्याच्या सदऱ्याकडे बघत राहिली. छातीवरचं कापड हलत नव्हतं.

कपाटात कोणीतरी खोकलं.

तोच खोकला. बावीस वर्षांचा.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. खोकला थांबेना. शेवटी जुबैदाने तांब्या भरून नवऱ्यापुढे सरकवला.

"आधी त्याला पाणी नेऊन द्या," ती म्हणाली. "मग वाढते."