दिवेलागणीला अडखळणारी माणसं

"अप्पा, या वयात तरी पिणं सोडा हो... टँकरची भरलेली घागर साऱ्या गावासमोर सांडली तुम्ही," माहेरी आलेली सिंधू बापाला बोलून गेली. भुजंगरावांनी मान खाली घातली, चिखलात चाचपडत चप्पल शोधली आणि एका शब्दानंही ते नाकारलं नाही.

लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ जुनाच. जळकोटजवळच्या त्या गावात भुजंगरावांची दारुडा म्हणून ओळख मात्र जिल्ह्याच्याही आधीची. दिवस बुडाला की ते उंबऱ्याला अडखळत, खांबाला धडकत. सिंधूच्या मनात त्याहून खोल सल होता. आत्याच्या मुलाशी, ज्ञानोबाशी, तिचं लग्न ठरल्यात जमा होतं. अप्पांनी कारण न सांगता मोडलं आणि तिला दूर नांदेडकडं दिलं. तेव्हापासून आत्या, चतुराबाई, त्याच गल्लीत राहून सख्ख्या भावाशी बोलत नव्हती.

अप्पांनी हौसेनं पाळलेल्या शिकारी कुत्र्यांच्या वंशातली एकच म्हातारी कुत्री उरली होती. तीही संध्याकाळी गव्हाणीवर आपटू लागली, म्हणून दुसऱ्या दिवशी सिंधूनं तिला उदगीरला नेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात बॅटरी मारली.

"आतला पडदा झिजलाय. आधी अंधारातलं दिसणं जातं, मग उजेडातलं. रक्तातून येतं हे. घरातल्या घरात जोड्या लावल्या की जास्त. माणसांतही असंच होतं. म्हणून तर परदेशात माणसाचा आंधळेपणा समजून घ्यायला अशी कुत्री अभ्यासतात."

परतीच्या एस.टी.त सिंधूचं खिडकीबाहेर लक्षच नव्हतं... आधी अंधारातलं जातं. बारा वर्षं आपण ज्या माणसाला दारुडा म्हणत आलो, त्याच्या तोंडाला कधी वास तरी आला होता का?

"अप्पा, तुम्ही दारू कधी प्यालात?" घरी पोचताच तिनं विचारलं.

"एकदा. तुझ्या मामाच्या वरातीत. त्याच्याच फेट्यात ओकलो, परत न्हाई शिवलो."

"मग धडपडता कशापायी?"

त्यांनी चाचपून कुत्रीला जवळ ओढलं.

"कुत्र्यांची जात राखायची म्हणून मी भावाला बहीण लावली. पिल्लं दिवस बुडाला की भिंतीला डोकं आपटायली. माझंबी तवाच तसं सुरू झालं हुतं. माझे मायबाप आते-मामे भावंडं. मंग तुला अन् ज्ञानोबाला कसा जोडू, बाई?"

"सांगायचं तरी..."

"दारुड्याच्या लेकीला कुनीबी करून घेतंय. आंधळ्याच्या रक्ताला कोन घेनार? आता तुला दोन लेकी हायत. गप ऱ्हा."

सिंधूनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. ज्याच्या गमावलेल्या अब्रूवर आपला संसार उभा राहिला त्याला क्षमेचे नुसते शब्द द्यायचे तरी कोणत्या तोंडानं... ती उठली, त्यांचा हात धरला आणि दिवेलागणीच्या गल्लीतून त्यांना आत्याच्या दारात घेऊन गेली.

"आज लेकीला धरून आला का बेवडा?" चतुराबाई ओसरीवरून म्हणाली. शेजारच्या बायाही वळल्या.

"आत्या, अप्पा कधीच पीत नव्हते. त्यांना दिसत न्हाई. आपल्या रक्तातच हाय हे. माझ्या लेकींचं काय व्हायचं ते होऊ दे."

अप्पांनी तिचा हात घट्ट दाबला. पण शब्द सुटून गेला होता.

चतुराबाईनं मागं वळून पाहिलं. आतून ज्ञानोबा भिंत चाचपत, पाऊल अंदाजानं टाकत बाहेर येत होता.

"दोन वरीस झाले," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मीबी सांगते, पितो म्हनून."

"कोन, ज्ञानोबा का?" भुजंगरावांनी अंधारात हात पुढं केला. तो भलतीकडंच गेला. चतुराबाईनं तो पकडला, आणि सोडला नाही.