बंद दारामागची घरघर

"माझ्या बहिणीचा खून झालाय, आणि पोलिसांनी भलत्याच पोरीला धरलंय," म्हातारी दारातूनच म्हणाली.

ताईनं खुर्ची पुढे केली. वकिली सोडून ती खासगी तपासाची कामं घेऊ लागली, तेव्हापासून धाकटा भाऊ तिची गाडी चालवायचा आणि बहुतेक गोष्टी सगळ्यांच्या शेवटी समजून घ्यायचा.

म्हातारी आणि तिची धाकटी बहीण एकत्र राहायच्या, दोघींनी लग्न केलं नव्हतं. धाकटी घरी बसून भाषांतरं करायची. त्या दिवशी थोरली सकाळीच डोळे तपासायला गेली. परतली तेव्हा धाकटी पलंगावर मरून पडलेली, तोंडावर उशी. मृत्यू बाराच्या सुमाराचा. बारापर्यंत घरात त्यांचा भाचा होता, त्यानंतर स्वयंपाकाची मुलगी. मी निघेपर्यंत मावशी काम करत होती, असं भाचा सांगत होता. मग राहिली कोण?

"आदल्या रात्री कधी नव्हे ती मला गाढ झोप लागली होती हो," म्हातारी म्हणाली. "आणि उठून बघते तर असा दिवस."

बहिणींच्या खोलीत दोन पलंग, मध्ये टेबल, त्यावर छोटासा जुना लॅपटॉप. ताई त्यावर बराच वेळ टाइप करत बसली.

"जराही आवाज नाही, बंद लॅपटॉप कशाला बडवतेस?" भाऊ वैतागला.

"हात लावून बघ."

तो कोमट होता. पडद्यावर अक्षरं उमटत होती. ताईनं कोपऱ्यातला एक छोटा प्रोग्राम उघडला. "खुनाच्या आदल्या संध्याकाळी बसवलाय," ती पुटपुटली. भावानं मान डोलावली, कळलं काहीच नाही.

कोठडीत रडून रडून मुलीचा आवाज बसला होता. "आतून जराही आवाज नव्हता. म्हटलं, झोपल्या असतील. दार उघडलंच नाही."

"हेच तिच्या अंगाशी येतंय. भाचा निघाला तेव्हा त्या कामात होत्या म्हणतो," इन्स्पेक्टर म्हणाला.

भाचा मात्र शांत होता. "मी बाहेर पेपर वाचत होतो. आत लॅपटॉपचा पंखा घरघरत होता, हार्ड डिस्क टिक टिक करत होती. मावशी कामात, म्हणून आत गेलो नाही."

"आवाज नक्की त्याचाच?"

"लहानपणी त्याच खोलीत झोपायचो. तो आवाज विसरेन का?"

"पुढच्या आठवड्यात तुमच्या अपघाताच्या खटल्यात मावशींची साक्ष होती ना?"

"हो. माझ्याच बाजूनं."

दुसऱ्या दिवशी ताईनं सगळ्यांना त्या खोलीत बोलावलं आणि लॅपटॉप चालू केला. टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

"या आवाजानं थोरलीची झोप उडायची," ताई म्हणाली. "म्हणून आदल्या संध्याकाळी धाकटीनं हा प्रोग्राम बसवला. आता यंत्र खूप तापल्याशिवाय पंखा फिरत नाही. डिस्क सारखी थांबून पुन्हा चालू व्हायची, तिची टिकटिक तेव्हा व्हायची. तीही बंद केली. त्या रात्री थोरलीला गाढ झोप लागली ती त्यामुळे. मुलगी खरं बोलली, खोलीत आवाज नव्हताच. तुम्ही ऐकलात तो आवाज तुमच्या आठवणीतला होता. आत मावशी जिवंत आहे हे दाखवायला तुम्हाला तो हवा होता."

भाचा पलंगाच्या कडेवर बसला.

"ती खरं सांगणार होती," तो कसाबसा बोलला. "दारू पिऊन गाडी चालवत होतो, सायकलवाला मेला. नुसतं गप्प बस म्हणत होतो तिला... मावशी, तू तरी काही बोल ना."

इन्स्पेक्टरनं त्याचा दंड धरला. थोरली भिंतीला टेकून उभी होती.

"अपघाताच्या दिवशी ती पुढे बसली होती, मागच्या सीटवर मी होते," ती म्हणाली. "झोप लागली होती असं पोलिसांना सांगितलं. लागली नव्हती, साहेब. तिच्या जागी साक्षीला माझं नाव लिहा."