सिरेनूने जुळवलेल्या तारा

मेव्हण्याने काहीतरी भेट आणली, तेव्हाच खरं तर सेनोबियोने सावध व्हायला हवं होतं. बावीस वर्षांत ग्वाल्बेर्तोने त्याला काही दिलं असेल तर ते सल्ले, आणि तेही न मागता. पण त्या सकाळी तो सेनोबियोच्या टोप्यांच्या दुकानात आला आणि एक छोटीशी लोखंडी पेटी गल्ल्यावर ठेवून म्हणाला, "घ्या दाजी. तुमच्यासाठी."

पेटीवर चार बटणं, एक दिवा आणि पायाने दाबायची एक कळ होती.

"हे काय? उंदराचा सापळा?"

"पेडल म्हणतात याला. तुमच्या चरांगोच्या तारा टेकतात त्या घोडीखाली ही चकती बसवायची. तारांची थरथर ती पकडते, पेटी ती वाढवते आणि स्पीकरकडे पाठवते. ही कळ दाबली की लाल दिवा लागतो आणि आवाज बंद. तारा जुळवताना तुमची कुरकुर लोकांना कशाला ऐकवायची?"

"आणि हे तू मला का देतोयस?"

"बहिणीचा नवरा म्हणून."

हे कारण सेनोबियोला अजिबात पटलं नाही.

चरांगो हे हातभर लांबीचं, दहा तारांचं वाद्य. घरात वाजवलं तर डोळ्यांत पाणी आणतं. जत्रेच्या मैदानात, शेजारी चाळीस तुताऱ्या फुंकल्या जात असताना, ते वाजतंय हे फक्त वादकाच्या चेहऱ्यावरून कळतं. तीस वर्षं सेनोबियो ताफ्याच्या मधल्या खुर्चीवर बसत आला होता. गेल्या जत्रेनंतर मंडळींनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं की यंदा शेवटच्या रांगेपर्यंत चरांगो ऐकू आला नाही, तर मधली खुर्ची ग्वाल्बेर्तोच्या गिटारला. मग ज्याला खुर्ची मिळायची, तोच माणूस आवाज वाढवायची पेटी आणून देतो? सेनोबियोने पेटी उलटीसुलटी करून पाहिली, वाससुद्धा घेतला. वास लोखंडाचाच होता.

त्याच्या संशयाला जुनं कारणही होतं. क्रूसाच्या जत्रेआधी गावातले सगळे वादक आपापली वाद्यं डोंगरातल्या धबधब्याशी ठेवून येतात. भर दुपारी, सावली पायाखाली आली की पाण्यातून सिरेनू हा जलदेव निघतो आणि तारा अशा जुळवतो की माणसाच्या हाताला ते जमायचं नाही. कोकाची पानं ठेवायची, थोडी दारू ठेवायची, मागे न बघता निघायचं, सावली लांबली की परत यायचं. नियम एकच, ऐकायचं नाही. ऐकलं तर काय होतं, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं, कारण ऐकल्याचं आजवर कुणी कबूल केलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी धबधब्यावरून आणलेल्या चरांगोच्या दोन तारा ऐन मंचावर उतरल्या होत्या. सिरेनू असली हलगर्जी करत नाही. ग्वाल्बेर्तो करू शकतो.

म्हणून यंदा सेनोबियोने चरांगो ठेवला तो पेडल जोडून. पेडलपासून लांबलचक वायर काढून त्याने वळणापलीकडच्या मेंढपाळाच्या दगडी खोपीपर्यंत नेली आणि तिथे बॅटरीवरचा छोटा स्पीकर लावला. ऐकू नये, असं पूर्वज सांगून गेले होते. वायरीबद्दल ते काहीच बोलले नव्हते.

निघताना बायकोने, कासिल्दाने, ते भेंडोळं पाहिलं होतं. "अहो, सिरेनूला आता वीज लागते की काय?"

"तू आपले बटाटे उकड."

"उकडते. पण माझ्या भावावर डूख धरून डोंगर चढताय, ते कळतंय हो मला."

अखेरच्या क्षणी त्याला वाटलं, पेडलची कळ तिथे धबधब्याशी ठेवली तर आवाज आपल्या ताब्यात राहणार नाही. म्हणून पेडल त्याने खोपीत आणलं आणि वायर थेट चरांगोच्या चकतीला जोडली. मग दाराकडे पाठ करून तो बसला.

खोपीत लेंड्यांचा आणि ओल्या शेवाळाचा वास होता. स्पीकरमधून आधी नुसती घरघर आली. चरांगोच्या लाकडातून झिरपलेला पाण्याचा आवाजच जणू. बराच वेळ तेवढंच. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की दगडांचे कंगोरे दिसेनात.

मग खुंटी करकरली.

सेनोबियो मनात म्हणाला, सापडलास! एक तार वाजली. खुंटी पुन्हा फिरली, तार सावकाश वर चढली आणि थांबली. मग दुसरी. त्याने ठरवलं, दहाही तारा होऊ द्यायच्या आणि मग चोराला मुद्देमालासकट धरायचं. पण पाचव्या तारेला त्याच्या मानेवर काटा आला. सूर अचूक होता. ग्वाल्बेर्तोचा कान असा नव्हता. गावात कुणाचाच नव्हता...

दहावी तार थांबली आणि गाणं सुरू झालं.

ते त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. सुरावट वर जायची आणि जिथे खाली यायला हवी तिथे यायचीच नाही. सेनोबियोने पायाने कळ दाबली. लाल दिवा लागला. गाणं चालूच राहिलं. त्याने पुन्हा दाबली, टाच रुतवून दाबून धरली. लाल दिवा तसाच... आणि गाणं चालूच.

दारात सावली पडली.

"दाजी... तुम्ही इथे?"

ग्वाल्बेर्तो होता. गावाच्या वाटेने आलेला, धापा टाकत, हातात फडक्यात बांधलेले बटाटे.

"तू... तू तिकडे नव्हतास?"

"आत्ता वर येतोय. ताईने हे पाठवलंय." त्याने स्पीकरकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "किती तारा झाल्या?"

"दहा."

"आणि गाणं? पहिल्यापासून ऐकलंत?"

सेनोबियोने मान डोलावली. ग्वाल्बेर्तो खाली बसला, एक बटाटा सोलू लागला. "लवकर निघायला हवं होतं मी," तो म्हणाला. गाणं थांबल्यावरच दोघे उठले.

चरांगो आणायला गेले, तर तुषारांत दोन तास पडूनही तो कोरडा ठणठणीत होता. उतरताना अर्ध्या वाटेवर सेनोबियोच्या डोक्यात आलं की गाणं असतं, हे याला कसं ठाऊक? पण तोवर ग्वाल्बेर्तो बराच पुढे गेला होता.

जत्रेच्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. खाली आवाजाची यंत्रं सांभाळणाऱ्या रुफिनोने पहिल्या गाण्यालाच हात जोडले. "साहेब, एवढा आवाज पुरे! चर्चची कौलं उडतील!" शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी हातातले पेले खाली ठेवले. तुतारीवाले वळून बघू लागले. सेनोबियोचा ऊर भरून आला. आता मधली खुर्ची मरेपर्यंत त्याची.

दुसऱ्या गाण्यात त्याच्या बोटांत गोळा आला. त्याने क्षणभर हात उचलला.

चरांगो वाजतच राहिला.

त्याने कळ दाबली. लाल दिवा लागला. खालून रुफिनोने खुशीत मान डोलावली. सूर हळूहळू ठरलेलं गाणं सोडून वर चढू लागले, वर, आणि जिथे खाली यायला हवं होतं तिथे आले नाहीत. मैदान एकदम शांत झालं होतं. मांडीवर वाजणारं ते लाकूड फेकून पळावं, असं वाटून सेनोबियो अर्धवट उठला.

"बसा," शेजारून ग्वाल्बेर्तो कुजबुजला. लोकांकडे पाहून तो हसत होता, ओठही हलत नव्हते. "हात हलवत राहा, दाजी... लोक बघतायत."

सेनोबियो बसला. कधीही न शिकवलेल्या त्या सुरावटीला ग्वाल्बेर्तोची गिटार वळणावळणाला, एकही चूक न करता साथ देत होती. त्याने मान वळवून मेव्हण्याच्या बोटांकडे पाहिलं. ती झपाझप, सराईतपणे नाचत होती, तारांच्या बोटभर वर.